सामाजिक वाचनखूण आणि शोधक्रम

सामाजिक वाचनखूण म्हणजे महाजालावरील एखाद्या पानाचा पत्ता स्वतःच्या न्याहाळकात न साठवता सार्वजनिक संकेतस्थळावर साठवणे, त्यावर विषयदर्शक टॅग लावणे आणि ती नोंद इतरांना पाहू देणे. वाचकाला पुन्हा पाहावेसे वाटलेले पान हाताशी राहावे व समानधर्मी वाचकांनाही ते सापडावे, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. पुढे अनुदिनीलेखकांनी, म्हणजेच ब्लॉगलेखकांनी, आपल्या लेखांच्या प्रसिद्धीसाठी तिचा वापर सुरू केला. शोधयंत्रे दुव्यांची मोजणी करून पानांचा क्रम ठरवतात हे समजल्यावर केवळ दुवे वाढवण्यासाठी वाचनखुणा पेरण्याचा उद्योगही उभा राहिला. या उद्योगाविरुद्ध शोधयंत्रांनी योजलेल्या उपायांमुळे अशा वाचनखुणा आता निरुपयोगी आणि काही वेळा मूळ लेखाला हानिकारक ठरतात. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला असून मराठी अनुदिन्यांपुढील विशिष्ट अडचणी जव्हार व मोखाडा या तालुक्यांवरील लेखनाच्या उदाहरणाने स्पष्ट केल्या आहेत.

स्वरूप

सामाजिक वाचनखुणेत साधारणपणे चार गोष्टी असतात: पानाचा पत्ता, शीर्षक, नोंद करणाऱ्याने लिहिलेले एकदोन ओळींचे वर्णन आणि टॅग. ग्रंथालयात पुस्तकाचे वर्गीकरण तज्ज्ञ करतो व ते ठरावीक कोष्टकानुसार होते. येथे वर्गीकरण वाचकच करतात आणि कोष्टक कोणतेच नसते. अशा लोकनिर्मित वर्गीकरणासाठी टॉमस व्हॅण्डर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सोनॉमी’ हा शब्द घडवला. या वर्गीकरणाचे बळ व दौर्बल्य दोन्ही एकाच गोष्टीत आहे. एकाच पानावर अनेकांनी समान टॅग लावला तर त्या पानाचा विषय खात्रीने कळतो; मात्र प्रत्येकाने वेगळे लेखन वापरले तर एकच विषय अनेक तुकड्यांत विखुरतो.

‘वाचनखूण’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. मिसळपावसारख्या मराठी संकेतस्थळांवर सदस्याला आवडलेला लेख वाचनखूण म्हणून साठवण्याची सोय आहे; मायबोलीवर याच कामासाठी ‘निवडक दहा’ ही कल्पना रूढ आहे. या सोयी मुख्यतः त्या त्या संकेतस्थळाच्या आतील लेखांपुरत्या आहेत, त्यामुळे त्यांना पूर्ण अर्थाने सामाजिक वाचनखूण म्हणता येत नाही.

इतिहास

वाचनखुणा महाजालावर ठेवून इतरांना दाखवण्याची कल्पना १९९६ मधील ‘आयटीलिस्ट’ या सेवेपर्यंत मागे नेता येते. ती खऱ्या अर्थाने लोकप्रिय केली जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ने, टॅगांचा मुक्त वापरही तेथूनच सर्वत्र पसरला. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ती सेवा विकत घेतली. २००८ च्या अखेरीस तिचे ५३ लाख सदस्य व १८ कोटी वेगवेगळे पत्ते झाले होते. त्याच काळात डिग (२००४) आणि रेडिट (२००५) या, मतदानाने दुवे वरखाली करणाऱ्या सेवा सुरू झाल्या. स्टम्बलअपॉन ही त्याआधीची सेवा वाचकाला त्याच्या आवडीनुसार अनपेक्षित पानांवर नेऊन सोडत असे. संशोधकांसाठी कनोटिया व साइटयूलाइक या सेवा होत्या.

यांतील बहुतेकांचा शेवट लवकर झाला. डिलिशस २०११ मध्ये याहूकडून दुसऱ्या मालकाकडे गेली, नंतर आणखी हात बदलले आणि जून २०१७ मध्ये तिच्याच प्रतिस्पर्धी पिनबोर्डने ती विकत घेऊन केवळ वाचनापुरती ठेवली. ऑगस्ट २०१० मधील फसलेल्या नव्या आवृत्तीनंतर डिगचा वाचक रेडिटकडे वळला. २०१२ मध्ये डिगची विक्री झाली. स्टम्बलअपॉन ३० जून २०१८ रोजी आणि गूगल बुकमार्क्स सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस बंद झाली. एका सेवेवर वर्षानुवर्षे जमवलेले दुवे त्या सेवेबरोबरच नाहीसे होतात, हा या इतिहासातून निघणारा व्यावहारिक धडा प्रसिद्धीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

शोधक्रमाशी संबंध

लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा हे एक प्रकारचे मत मानले जाते. मत देणाऱ्या पानाचे वजन जितके अधिक, तितके मताचे मोल अधिक. संपादकाने विचारपूर्वक दिलेल्या दुव्यांच्या काळात ही पद्धत चांगली चालली. परंतु कोणालाही दुवा टाकता येईल अशी पाने, म्हणजे अभ्यागतवह्या, प्रतिसादांच्या चौकटी, वाचनखुणांची संकेतस्थळे, वाढू लागली तसे मत विकत किंवा फुकट उभे करणे सोपे झाले.

यावर पहिला मोठा उपाय जानेवारी २००५ मध्ये झाला. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या तिन्ही शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ हा गुणधर्म मान्य केला. दुव्याला तो लावला की वाचक दुव्यावरून जाऊ शकतो, पण शोधयंत्राच्या लेखी ते मत धरले जात नाही. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये आपल्या सर्व बाह्य दुव्यांना हा गुणधर्म लावला. विकिपीडियाच्या लेखात दुवा घुसडून शोधक्रम सुधारता येईल ही समजूत तेव्हापासून निराधार आहे, तरीही असे दुवे काढण्याचे काम संपादकांना आजही करावे लागते. डिगने सप्टेंबर २००९ मध्ये, पुरेसा विश्वास न मिळालेल्या दुव्यांना नोफॉलो लावण्यास सुरुवात केली. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने सदस्यनिर्मित मजकुरातील दुव्यांसाठी ‘यूजीसी’ आणि मोबदल्याच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ हे आणखी दोन गुणधर्म आणले. हे सर्व गुणधर्म आज्ञा म्हणून नव्हे तर संकेत म्हणून वाचले जातील, असेही तेव्हा सांगितले.

याचा अर्थ असा की सामाजिक वाचनखुणेने शोधक्रम थेट वाढतो, हे विधान बहुतांश सेवांबाबत खरे नाही. तिचा लाभ अप्रत्यक्ष आहे. नवे पान शोधयंत्राच्या लवकर दृष्टीस पडू शकते; काही वाचक तेथून लेखापर्यंत येतात; त्यांपैकी एखाद्याचे स्वतःचे संकेतस्थळ असेल आणि लेख उपयोगी वाटला तर तो आपल्या लेखनात त्याचा उल्लेख करतो. हा शेवटचा दुवा खऱ्या अर्थाने मत असतो. तो मागून किंवा पेरून मिळत नाही.

हानी कशी होते

गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात ‘निकृष्ट दर्जाच्या निर्देशिका किंवा वाचनखुणांच्या संकेतस्थळांवरील दुवे’ हा दुव्यांच्या गैरवापराचा प्रकार म्हणून स्पष्ट नोंदलेला आहे. असे असूनही ‘शेकडो वाचनखुणा संकेतस्थळांवर नोंद करून देऊ’ अशा सेवा विकल्या जात राहिल्या. त्यांचे काम बहुधा संगणक-आज्ञावलीने होते: एकच शीर्षक, एकच वर्णन आणि तेच टॅग थोड्या वेळात असंख्य ठिकाणी चिकटवले जातात. नेमका हाच ठसा शोधयंत्राला सहज ओळखता येतो.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ ही सुधारणा लागू केली. कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर आलेली पाने तिने खाली ढकलली; इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाल्याचे गूगलने म्हटले होते. त्यानंतर संकेतस्थळचालकांना नको असलेले दुवे नाकारण्याचे साधन ऑक्टोबर २०१२ मध्ये मिळाले. २०१६ पासून पेंग्विन हा मुख्य पद्धतीचाच भाग झाला आणि तेव्हापासून कृत्रिम दुव्यांसाठी संपूर्ण संकेतस्थळ खाली नेण्याऐवजी ते दुवे निष्प्रभ करण्यावर भर आला. त्यामुळे आज पेरलेल्या वाचनखुणांचा सर्वसाधारण परिणाम शून्य असतो. मात्र हेतुपुरस्सर गैरवापर दिसल्यास परीक्षकांकडून थेट कारवाई होण्याची शक्यता कायम आहे. डिसेंबर २०१३ मध्ये गीतांचे अर्थ देणाऱ्या ‘रॅप जीनियस’ या संकेतस्थळाने अनुदिनीलेखकांना प्रसिद्धीच्या बदल्यात आपले दुवे लावण्यास सुचवले होते. ते उघडकीस येताच स्वतःच्या नावाच्या शोधातही ते संकेतस्थळ पहिल्या पानावर दिसेनासे झाले आणि दुवे काढून घेतल्यावर सुमारे दहा दिवसांनी परत आले. त्याच्यामागे मोठे भांडवल होते. एकट्याने चालवलेल्या अनुदिनीला अशा कारवाईचे कारण शोधण्यातच महिने जाऊ शकतात.

दुसऱ्या प्रकारची हानी दुव्यांची नसून मजकुराच्या प्रतींची असते. काही सेवा केवळ पत्ता न ठेवता लेखाचा मोठा भाग, कधी संपूर्ण लेखच, आपल्या पानावर दाखवतात. समान मजकूर अनेक पत्त्यांवर आढळल्यास शोधयंत्र त्यांतील एक पत्ता प्रमाण मानून इतर बाजूला ठेवते. यास शिक्षा म्हणता येत नाही, पण प्रमाण ठरलेला पत्ता मूळ लेखकाचाच असेल असेही नाही. अधिक जुने व अधिक वर्दळीचे संकेतस्थळ बाजी मारू शकते. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्टने ‘कॅनॉनिकल’ हा संकेत मान्य केला, ज्याद्वारे प्रतीच्या पानावरून मूळ पत्ता सांगता येतो. त्याच वर्षी डिगने ‘डिगबार’ ही पट्टी आणून इतरांची पाने स्वतःच्या आखूड पत्त्याखाली चौकटीत दाखवण्यास सुरुवात केली. त्यामुळे वाचक पसरवत असलेला पत्ता मूळ लेखाचा न राहता डिगचा होऊ लागला. तीव्र टीकेनंतर २०१० मध्ये ही पट्टी मागे घेण्यात आली.

मराठी अनुदिन्यांतील स्थिती

मराठीत डिलिशसच्या तोडीची स्वतंत्र सेवा मोठ्या प्रमाणावर रुजली नाही. तिची जागा काही अंशी संकलकांनी घेतली. ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकलकांवर नोंदणी केलेल्या अनुदिन्यांतील नव्या लेखांची शीर्षके एकत्र दिसत आणि वाचक तेथून मूळ लेखाकडे जात. शीर्षक व चार ओळींवर थांबणारा संकलक मूळ अनुदिनीला वाचक मिळवून देतो. पूर्ण लेख उचलणारा संकलक तिचा वाचक थोपवून धरतो. फीडमधून संपूर्ण मजकूर द्यायचा की केवळ प्रारंभ, याचा निर्णय म्हणूनच लेखकाने जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

एकच लेख स्वतःच्या अनुदिनीवर, मायबोलीवर आणि मिसळपाववर प्रसिद्ध करण्याची पद्धत मराठी लेखकांत सर्रास आढळते. चर्चा व प्रतिसाद मोठ्या संकेतस्थळांवर मिळतात, त्यामुळे ही पद्धत समजण्याजोगी आहे. तिचा दुष्परिणाम मात्र वर वर्णन केल्याप्रमाणेच होतो: शोधात अनुदिनीऐवजी मोठे संकेतस्थळ दिसते आणि अनुदिनीवर नंतर केलेल्या दुरुस्त्या वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. तळाशी ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून मूळ दुवा देण्याचा शिष्टाचार वाचकाला उपयोगी आहे, पण शोधयंत्रासाठी तो कॅनॉनिकल संकेताइतका स्पष्ट नसतो.

पत्त्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पत्ता सांकेतिक रूपात लिहिला की प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘जव्हार’ या शब्दात हलन्त व काना धरून सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ५४ अक्षरे होतात. संपूर्ण शीर्षक पत्त्यात आले तर टक्केचिन्हांची लांबलचक माळ तयार होते. ती कागदावर उतरवता येत नाही, संदेशातून पाठवताना मध्येच तुटते आणि तुटलेला दुवा वाचनखूण म्हणून साठवला जातो. याउलट ब्लॉगरवर देवनागरी शीर्षकाच्या लेखाला आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे काही अंक असा निरर्थक पत्ता मिळतो. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी रोमन लिपीत छोटा, अर्थपूर्ण पत्ता स्वतः देणे हा दोन्हींवरचा साधा उपाय आहे. प्रसिद्धीनंतर पत्ता बदलल्यास आधीच्या वाचनखुणा निकामी होतात.

ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यांबाबत भारतीय लेखकांना विशेष फटका बसला. २०१२ पासून भारतातून उघडलेली ‘ब्लॉगस्पॉट.कॉम’ची पाने ‘ब्लॉगस्पॉट.इन’ या पत्त्यावर वळवली जात. न्याहाळकातून पत्ता उचलून वाचनखूण करणाऱ्यांनी साहजिकच ‘.इन’चा पत्ता साठवला. २०१८ मध्ये हे वळवणे बंद झाले आणि २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट.इन’ हे नावच गूगलच्या हातून निसटून दुसऱ्या नोंदणीधारकाकडे गेले. त्या पत्त्याने केलेल्या जुन्या वाचनखुणा त्यामुळे चालेनाशा झाल्या, जरी मूळ लेख ‘.कॉम’वर जसेच्या तसे होते. ज्या लेखकांनी लेखातच आपला ‘.कॉम’ पत्ता लिहून ठेवला होता, त्यांचे वाचक मूळ पानापर्यंत पोहोचू शकले.

जव्हार–मोखाड्याचे उदाहरण

पालघर जिल्ह्यातील जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले थंड हवेचे ठिकाण आहे. जय विलास राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा धबधबा, वारली चित्रकला, तारपा नृत्य आणि जव्हार–मोखाडा परिसरातील मुखवट्यांचा बोहाडा हे या भागावरील लेखनाचे नेहमीचे विषय होत. पावसाळ्यात धबधब्यांविषयीच्या भटकंतीवर्णनांची भर पडते. अशा छोट्या प्रदेशावर मराठीत मुळात मोजकी पाने असतात, म्हणून चांगल्या एका लेखाला लक्षणीय वाचक मिळू शकतात. आणि त्याच कारणाने एखादी चुकीची प्रत खऱ्या माहितीवर सहज मात करू शकते.

टॅगांचे विखुरणे येथे ठळकपणे दिसते. ‘जव्हार’ हे नाव शोधताना ‘जवाहर’शी मिसळते. रोमन लिपीतही दोन्हींमध्ये एका अक्षराचाच फरक राहतो, शिवाय अरबी व्यक्तिनाम ‘जौहर’ हेही त्याच अक्षरांनी लिहिले जाते. ‘बोहाडा’ हा शब्द ‘बोहडा’ आणि ‘भोवाडा’ असाही लिहिलेला आढळतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. त्याआधीच्या नोंदींवर ‘ठाणे जिल्हा’ असा टॅग आहे, नंतरच्या नोंदींवर ‘पालघर’. केवळ ‘पालघर’ या टॅगावर विसंबणारा वाचक २०१४ पूर्वीच्या सर्व लेखनाला मुकतो. अशा वेळी लेखकाने स्थळ, तालुका आणि दोन्ही जिल्हे असे टॅग दिल्यास ती लबाडी ठरत नाही, कारण प्रत्येक टॅग लेखाविषयी खरे सांगतो. धबधब्यावरील लेखाला अधिक वर्दळीच्या ‘महाबळेश्वर’ किंवा ‘लोणावळा’ या टॅगांनी सजवणे ही मात्र दिशाभूल होय. फसलेला वाचक क्षणात परत जातो आणि पुढच्या वेळी त्या अनुदिनीचे नाव पाहूनच टाळतो.

युनिकोडमुळे आणखी एक सूक्ष्म अडचण येते. जव्हारच्या वर्णनात वारंवार येणारा ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. टॅग साठवणाऱ्या सेवेने न दिसणारे चिन्ह गाळून टाकले तर दुसऱ्या प्रकारचा शब्द ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांवरील लेख समुद्रावरील लेखांत जाऊन बसतो.

या भागावरील लेखनात प्रसिद्धीबरोबर जबाबदारीचाही प्रश्न आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले आहे आणि तिच्याविषयीचा शोध अनेकदा खरेदीच्या हेतूने केला जातो. साहजिकच दुकानदारीची पाने, प्रतिमांच्या वाचनखुणा आणि कलाकारांविषयीची पाने एकमेकांशी स्पर्धा करतात. पिंटरेस्टसारख्या चित्रप्रधान सेवेवर चित्र साठवताना चित्रकाराचे नाव व मूळ पानाचा दुवा गळला, की ते चित्र निनावी होऊन फिरू लागते. वर्णनाच्या जागेत कलाकाराचे नाव, गाव आणि मूळ पत्ता लिहिणे हे शोधक्रमाच्या दृष्टीने किरकोळ काम आहे. कलाकाराच्या दृष्टीने ते किरकोळ नाही.

सुरक्षित वापर

वाचनखूण करताना ती शोधयंत्र अस्तित्वात नसते तरी केली असती का, हा प्रश्न उपयुक्त कसोटी मानता येतो. या कसोटीला उतरणाऱ्या नोंदी सहसा थोड्या असतात: विषयाशी खरोखर संबंधित दोनतीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणच्या वाचकाला उद्देशून वेगळे लिहिलेले वर्णन आणि मुखपृष्ठाऐवजी थेट लेखाचा पत्ता. स्वतःचे लेख नोंदवण्यास हरकत नसते; मात्र इतरांचे काहीच न नोंदवणारे खाते प्रचारकी समजले जाते. रेडिटवर स्वतःच्या नोंदींचे प्रमाण दहात एकाहून अधिक नसावे असा संकेत पूर्वी प्रचलित होता. आपल्याच लेखाला मते देण्यासाठी अनेक खाती उघडणे किंवा मित्रमंडळींचे मतगट करणे जवळजवळ सर्व सेवांच्या नियमांत निषिद्ध आहे.

तांत्रिक बाजूस, लेखाच्या पानावर कॅनॉनिकल संकेत असावा, कारण वाचनखुणेतून येणाऱ्या पत्त्याच्या शेवटी मोजणीसाठी जोडलेली शेपटे शोधयंत्राला वेगवेगळी पाने वाटू शकतात. आखूड पत्ते देणाऱ्या सेवा टाळलेल्या बऱ्या. सेवा बंद पडली की दुवाही जातो. लेख आधी अनुदिनीवर प्रसिद्ध करून काही दिवसांनी अन्यत्र द्यावा आणि अन्यत्र शक्यतो सारांशच द्यावा. अनोळखी संकेतस्थळांवरून अचानक शेकडो दुवे आल्याचे सर्च कन्सोलमध्ये दिसल्यास घाबरून सर्व नाकारण्याची गरज नसते. असे बहुतेक दुवे शोधयंत्र स्वतःच दुर्लक्षित करते. नाकारण्याचे साधन ज्यांनी पूर्वी दुवे विकत घेतले आहेत किंवा ज्यांना कारवाईची सूचना मिळाली आहे अशांसाठी आहे.

सद्यस्थिती

सार्वजनिक वाचनखुणांची जागा मोठ्या प्रमाणावर समाजमाध्यमांनी आणि व्हॉट्सॲपच्या गटांनी घेतली आहे. गटात पाठवलेला दुवा शोधयंत्राला दिसत नाही, त्यामुळे त्याने शोधक्रमाचे भले किंवा बुरे होत नाही. तो टॅगांनी पुन्हा शोधताही येत नाही. वाचनासाठी लेख साठवणारी मोझिलाची ‘पॉकेट’ ही सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली. पिनबोर्ड, रेडिट व पिंटरेस्ट चालू आहेत. बहुतेक सेवांमधून वाचनखुणांची यादी एचटीएमएल धारिकेच्या रूपात उतरवून घेता येते आणि ती कोणत्याही न्याहाळकात भरता येते.